संगणकावर मात आणि ताळ्याचा प्रश्न

अमरावती जिल्ह्यात दोन चांदूर आहेत. मुंबई–नागपूर लोहमार्गावर बडनेऱ्याच्या पुढे लागते ते चांदूर रेल्वे आणि अचलपूरच्या बाजूचे ते चांदूर बाजार. पुढचा शब्द गाळून नुसते 'चांदूर' म्हटले तर टपाल, पाहुणा किंवा बदलीचा हुकूम भलत्याच गावी जाऊ शकतो, हे येथील शिक्षकांना आणि कारकुनांना सांगावयास नको. नरखेड मार्ग झाल्यापासून दुसऱ्या चांदूरलाही आगगाडी जाऊ लागली असल्यामुळे नाव पूर्ण उच्चारण्याची गरज उलट वाढली आहे. 'क्वांटम संगणक' या शब्दाची आज नेमकी हीच गत झाली आहे. त्या एका नावाखाली स्वभावाने अगदी भिन्न अशी दोन यंत्रे मोडतात. आणि 'क्वांटम यंत्राने संगणकावर मात केली' अशी बातमी येते तेव्हा कोणत्या यंत्राने, कोणत्या प्रश्नात आणि कोणत्या संगणकावर मात केली, हे विचारण्याचे भान सहसा कोणाला राहत नाही. सार्वजनिक पैशातून या क्षेत्रावर मोठा खर्च होऊ लागला असताना हे भान सुटणे परवडणारे नाही.

दोहोंपैकी पहिले यंत्र अंकीय. आपल्या परिचयाच्या संगणकाप्रमाणे ते प्रश्नाचे लहान लहान पायऱ्यांत विभाजन करते आणि एकेक क्रिया करीत उत्तराकडे जाते. तत्त्वतः ते कोणताही प्रश्न हाती घेऊ शकते. परंतु प्रत्येक पायरीवर चूक होण्याचा संभव असल्यामुळे चुका दुरुस्त करणारी मोठी यंत्रणा त्यास लागते, आणि ती यंत्रणा अद्याप पूर्णावस्थेस पोहोचलेली नाही. दुसरे यंत्र म्हणजे अ‍ॅनलॉग क्वांटम सिम्युलेटर. मराठीत त्याला सदृश प्रतिरूपक म्हणता येईल. ते पायऱ्यांनी गणित करीत नाही. ज्या निसर्गव्यवहाराविषयी प्रश्न विचारावयाचा, त्याच्याच नियमांनी चालणारी, पण माणसाच्या ताब्यातली एक प्रतिकृती उभी करावयाची. ती चालू द्यावयाची. आणि काय घडले ते मोजावयाचे, अशी त्याची रीत आहे.

ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याजवळ खडकवासला येथे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे. १९१६ साली मुंबई इलाख्याच्या सरकारने त्याचा पाया घातला. धरणाचा सांडवा पुराचे पाणी कसे सोडील, बंदराच्या तोंडाशी गाळ कोठे साचेल, नदी कोणता काठ खाईल, अशा प्रश्नांसाठी तेथे नदीची आणि बंदराची लहान प्रतिकृती जमिनीवर बांधून तिच्यातून प्रत्यक्ष पाणी सोडले जाते. प्रवाहाची समीकरणे कागदावर सुटत नसली तरी पाण्याला ती सोडवावी लागत नाहीत. ते आपल्या नियमाने वाहते आणि अभियंता ते पाहून उत्तर काढतो. मात्र प्रतिकृतीतील एका फुटाचा खऱ्या नदीत किती अर्थ धरावयाचा, याचे प्रमाण चुकले तर सारे निष्कर्ष चुकतात. सदृश यंत्राचे बळ आणि त्याचा धोका या एका उदाहरणात सामावलेला आहे.

क्वांटम जगात अशा प्रतिकृतीची गरज का भासावी, याचे उत्तर साध्या गुणाकारात आहे. एखादा कण 'वर' किंवा 'खाली' अशा दोनच अवस्थांत सापडू शकतो असे धरले, तरी अनेक कणांचा समुदाय एकाच वेळी सर्व संभाव्य रचनांच्या मिश्रणात असू शकतो. त्यामुळे प्रत्येक रचनेसाठी एक आकडा लिहून ठेवावा लागतो आणि कण एकाने वाढला की आकडे दुप्पट होतात. ३० कणांना सुमारे १०७ कोटी आकडे लागतात. ५० कणांना एकावर १५ शून्ये इतके. आणि ३०० कणांना एकावर ९० शून्ये इतके. दृश्य विश्वातील एकूण अणूंची संख्या एकावर ८० शून्यांच्या आसपास मानली जाते, म्हणजे हा हिशेब मांडावयास विश्वातील अणूही पुरणार नाहीत. अमेरिकन शास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी १९८१ साली एका परिषदेत ही अडचण मांडली आणि निसर्ग जर क्वांटम नियमांनी चालत असेल तर त्याची नक्कल करणारे यंत्रही त्याच नियमांनी चालणारे असावे, असा मार्ग सुचविला.

त्या सूचनेला प्रत्यक्ष रूप येण्यास दोन दशके लागली. १९९८ साली सिराक, झोलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली कल्पना अशी की, समोरासमोरून सोडलेल्या लेसर किरणांच्या छेदातून प्रकाशाचीच एक जाळी तयार होते. त्या जाळीच्या घरांत अतिशीत अणू बसविले तर ते धातूच्या स्फटिकातील इलेक्ट्रॉनांची भूमिका वठवू शकतील. २००२ साली जर्मनीत म्युनिक येथे मार्कुस ग्राइनर, इमॅन्युएल ब्लॉख आणि टेओडोर हेन्श यांच्या गटाने रुबिडियमच्या अणूंवर हा प्रयोग यशस्वी करून दाखविला. जाळी उथळ असताना अणू मोकळेपणाने वाहत होते. ती खोल करताच प्रत्येक अणू आपापल्या घरी अडकला. स्फटिकातील अंतरापेक्षा या जाळीतील अंतर सुमारे हजारपटीने मोठे असते आणि हालचाली त्याहूनही कितीतरी पटीने संथ. म्हणून धातूत जे डोळ्याआड आणि क्षणार्धात घडते ते येथे सावकाश पाहता येते. पुढे तर एकेका अणूचे छायाचित्र घेण्याइतकी ही कला प्रगत झाली.

अशा यंत्राने संगणकाला मागे टाकल्याचे एक जुने आणि सचोटीचे उदाहरण २०१२ सालचे आहे. म्युनिकच्याच प्रयोगशाळेत अणू एकाआड एक घरांत बसवून मग मोकळे सोडण्यात आले आणि ते स्थिरावतात कसे, हे मोजण्यात आले. त्याच घटनेचे गणित त्या वेळच्या सर्वोत्तम संगणकीय पद्धतीने समांतर चालविले होते. काही काळापर्यंत मोजमाप आणि गणित तंतोतंत जुळले. त्यानंतर गणिताचा पसारा आवरेनासा झाला. प्रयोग मात्र पुढे चालू राहिला. ज्या टप्प्यापर्यंत संगणक साथ देऊ शकत होता त्या टप्प्यापर्यंत त्याची साक्ष काढली गेली आणि मगच पुढचे पाऊल टाकले गेले, हे या प्रयोगाचे खरे मोल आहे. २०१७ साली हार्वर्डमधील मिखाइल लुकिन यांच्या गटाने ५१ अणूंच्या ओळीवर काम करताना कोणी अपेक्षा केली नव्हती अशी दीर्घकाळ टिकणारी आंदोलने पाहिली, आणि तिच्यातून सिद्धांताची एक नवी शाखा फुटली. २०२४ साली चिनी शास्त्रज्ञांनी सुमारे ८ लाख घरांच्या त्रिमितीय जाळीत चुंबकीय क्रम कसा उमटतो, हे दाखविले. १९८६ साली सापडलेल्या उच्च तापमानाच्या अतिवाहकांचे कोडे अद्याप पूर्ण उलगडलेले नाही. ते उलगडण्याच्या वाटेवरील हा टप्पा आहे.

परंतु या यशाच्या बरोबरीने दुसरा इतिहासही आहे आणि तो विसरणे हिताचे नाही. २०१९ साली गूगलने आपल्या ५३ क्यूबिटांच्या अंकीय यंत्राने २०० सेकंदांत जे केले त्याला महासंगणकास १०,००० वर्षे लागतील, असे जाहीर केले. आयबीएमने लगोलग हे काम अडीच दिवसांत होईल असा प्रतिवाद केला. पुढे २०२२ साली चीनमधील संशोधकांनी नव्या पद्धतीने ते सुमारे १५ तासांत करून दाखविले. मार्च २०२५ मध्ये डी-वेव्ह या कंपनीने सदृश पद्धतीच्या यंत्राविषयी 'सायन्स' या नियतकालिकात असाच दावा केला. चुंबकीय पदार्थांचा जो प्रश्न यंत्राने काही मिनिटांत सोडविला तो महासंगणकाला जवळजवळ दहा लाख वर्षे पुरला असता, असे कंपनीचे म्हणणे होते. त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या फ्लॅटआयर्न संस्थेतील आणि लोझान येथील संशोधकांनी त्यातील काही भाग साध्या संगणकीय साधनांनी सोडविता येतो, असे दाखवून दिले. आपल्या प्रश्नातील सर्वांत कठीण भागाला प्रतिस्पर्ध्यांनी हात लावलेला नाही, हे कंपनीचे उत्तर. वाद पूर्णपणे मिटलेला नाही. पण दहा लाख वर्षांचा आकडा वाचून माना डोलावणाऱ्यांना तो काही शिकवून गेला.

हे पुनःपुन्हा का घडते? कारण सर्व आकडे लिहून ठेवण्याची सक्ती संगणकावर प्रत्येक वेळी नसते. कणांचे परस्परांशी गुंतणे मर्यादित असेल तर बहुतेक आकडे नगण्य ठरतात आणि हुशार गणिती महत्त्वाचे तेवढेच ठेवून बाकीचे टाकून देतो. दहा लाख वर्षे हा आकडा आज ठाऊक असलेल्या पद्धतीचा असतो. उद्या सुचणाऱ्या पद्धतीचा नसतो. म्हणून 'मात' हा कायमचा किताब नव्हे. ती एका विशिष्ट प्रश्नापुरती, विशिष्ट दिवसापर्यंतची नोंद आहे. यात यंत्राची अप्रतिष्ठा नाही. उलट यंत्राने आव्हान दिले म्हणून गणित सुधारले आणि गणित सुधारले म्हणून यंत्राला अधिक कठीण प्रश्न शोधावा लागला. दोघांच्या या चुरशीत ज्ञानाचाच लाभ आहे.

खरा पेच याहून खोल आहे. प्राथमिक शाळेतील मुलालाही भागाकार केल्यावर ताळा पाहावयास शिकवितात. संगणकाने काढलेल्या उत्तराचा ताळा दुसऱ्या संगणकावर पाहता येतो. परंतु प्रतिरूपक जेथे संगणकाच्या आवाक्यापलीकडे जाते, नेमके तेथेच संगणक त्याचा ताळा देऊ शकत नाही. त्यातून अंकीय यंत्रात निदान तत्त्वतः असणारी चूक-दुरुस्ती सदृश यंत्रात नाही. लेसर किंचित कंप पावला, एखादा अणू निसटला, एखाद्या घराची खोली कमीअधिक झाली, तरी यंत्र थांबत नाही. ते एक उत्तर देतेच. ते विचारलेल्या प्रश्नाचे आहे की नकळत बदललेल्या प्रश्नाचे, हे त्या उत्तरावर लिहिलेले नसते.

हा पेच सुटण्यासारखा नाही असे मात्र नाही. ताळ्याच्या निरनिराळ्या वाटा आहेत. आधी लहान आकाराचा, संगणकाला झेपणारा प्रश्न घ्यावा आणि यंत्र तेथे खरे उतरते का ते पाहावे. एकच प्रश्न दोन भिन्न बनावटीच्या यंत्रांवर, अणूंच्या जाळीवर आणि आयनांच्या साखळीवर घालून उत्तरे जुळतात का ते तपासावे. ज्या टोकांना सिद्धांताचे उत्तर निश्चित आहे तेथे यंत्राची परीक्षा घ्यावी. सिद्धांतानेही याबाबतीत काही आधार दिला आहे. राहुल त्रिवेदी, आद्रियान फ्रँको रुबिओ आणि इग्नासिओ सिराक यांनी २०२४ साली असे दाखविले की, पदार्थाच्या सरासरी गुणधर्मांविषयीच्या काही प्रश्नांत कणांची संख्या वाढली म्हणून उत्तरातील चूक वाढत जात नाही; यंत्राच्या मूळ दोषाच्या मानाने ती आटोक्यात राहते. म्हणजे प्रश्न जर योग्य निवडला तर दुरुस्तीची यंत्रणा नसलेले यंत्रही विश्वासास पात्र ठरू शकते. 'प्रश्न योग्य निवडला तर' या अटीवर सारे अवलंबून आहे, आणि जाहिरातीत नेमकी हीच अट गळते.

या पार्श्वभूमीवर भारताच्या प्रयत्नांकडे पाहिले पाहिजे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला मान्यता दिली. २०३०–३१ पर्यंतचा त्याचा खर्च ६,००३.६५ कोटी रुपये धरलेला आहे आणि आठ वर्षांत ५० ते १,००० क्यूबिटांचे संगणक उभे करणे हे त्याच्या उद्दिष्टांपैकी एक आहे. महाराष्ट्राचा त्यात मोठा वाटा आहे. क्वांटम मापनाचे केंद्र मुंबईच्या आयआयटीकडे आहे. संरक्षण संशोधन संस्थेच्या पुण्यातील तरुण शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेने मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या साहाय्याने सहा क्यूबिटांच्या यंत्राची चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये पूर्ण केली. हे सर्व अभिनंदनीय आहे. परंतु क्यूबिटांची संख्या हाच प्रगतीचा एकमेव मापदंड ठरला तर मोजता येते तेवढेच महत्त्वाचे, अशी समजूत रूढ होण्याचा धोका आहे. किती क्यूबिट जमविले याबरोबरच कोणता प्रश्न सोडविला आणि त्याचा ताळा कसा पाहिला, हे दोन रकानेही मिशनच्या वार्षिक हिशेबात असले पाहिजेत.

तसे काम आपल्याकडे झालेले आहे. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत, म्हणजे आयसरमध्ये, उमाकांत रापोल, एम. एस. संथानम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिशीत रुबिडियम अणूंना प्रकाशाचे ठरावीक अंतराने ठोके देऊन केलेला प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. ठोक्यांच्या क्रमात मुद्दाम अनियमितता आणली तर अणूंचा क्वांटम गुण किती वेगाने नाहीसा होतो, हा त्यातील प्रश्न होता. आणि विशिष्ट प्रकारच्या अनियमिततेत तो अपेक्षेपेक्षा संथ गतीने नाहीसा होतो, असे दिसून आले. संगणकावर मात केल्याचा कोणताही डांगोरा या प्रयोगाने पिटला नाही. त्याचे गणित संगणकाला झेपणारेच होते. पण यंत्रातील गोंधळ उत्तराला कसा ग्रासतो, हे समजल्याशिवाय मोठ्या प्रतिरूपकावर विश्वास कसा ठेवावयाचा? ताळ्याचे शास्त्र अशा शांत कामातूनच तयार होते. याच आयसरच्या आवारात राष्ट्रीय महासंगणक मिशनचा 'परम ब्रह्म' हा महासंगणकही बसविलेला आहे. प्रतिरूपक आणि त्याचा ताळा घेणारा संगणक एकमेकांच्या शेजारी असावेत, यापेक्षा अधिक अनुकूल परिस्थिती ती कोणती?

'परम' या नावाशी वऱ्हाडचे नाते आहे. चांदूर रेल्वेवरून जाणाऱ्या याच लोहमार्गावरील मूर्तिजापूरच्या तालुक्यात मुरंबा हे गाव आहे. तेथे जन्मलेल्या विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला. अमेरिकेने हवा तो महासंगणक देण्यास नकार दिल्यानंतर १९८८ मध्ये ही संस्था स्थापन झाली होती. एका महागड्या यंत्राऐवजी अनेक लहान संस्कारक एकत्र जोडून काम भागविण्याची युक्ती तिने निवडली. ती परंपरा आता जुनी झाली, यापुढे सारे क्वांटम, असे समजण्याची घाई करणे ही मोठी चूक ठरेल. प्रतिरूपकाला खरे ठरविणारा आणि त्याचा खोटेपणा उघड करणारा साक्षीदार हाच संगणक आहे. म्हणून देशात प्रतिरूपक बांधणाऱ्यांना अनुदान देताना त्यांचे दावे उलथून पाहणाऱ्या गणितज्ञांनाही अनुदान दिले पाहिजे, आणि दाव्याबरोबर मोजमापांचे मूळ आकडे खुले करण्याची अट घातली पाहिजे. संशयखोरांना पोसल्याने उत्साह मावळेल, अशी भीती काहींना वाटते. परंतु जो दावा आपल्याच देशातील तज्ज्ञांच्या तपासणीत टिकत नाही तो परदेशात टिकेल, अशी आशा कशाच्या बळावर धरावयाची?

जेथे कापसाला भाव नाही आणि रब्बीला पाणी नाही तेथे प्रकाशाच्या जाळीतील अणूंची चर्चा कशाला, असाही आक्षेप घेतला जाईल. तो उथळ नाही. त्याला एक उत्तर असे की हा पैसा सर्वांच्या करातून येतो, म्हणून त्याचा जाब विचारण्याचा अधिकार चांदूर रेल्वेच्या कारकुनाला दिल्लीच्या सचिवाइतकाच आहे. दुसरे उत्तर अधिक निकडीचे आहे. नव्या शब्दाच्या मागे शिकवणीवर्ग आणि प्रमाणपत्रे लागावयास वेळ लागत नाही. संगणकाच्या लाटेत पालकांनी कर्ज काढून भरलेल्या शुल्काचे पुढे काय झाले, हे गावोगावी माहीत आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४ च्या डिसेंबरात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी क्वांटम तंत्रज्ञानाचा उपअभ्यासक्रम जाहीर केला. अभ्यासक्रम कागदावर आला, पण तो शिकविणारा शिक्षक आणि ज्यावर हात बसावयाचा ते उपकरण तालुक्याच्या ठिकाणी कसे पोहोचणार, याचे उत्तर मिळावयाचे आहे.

यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. अमरावती विद्यापीठाच्या क्षेत्रातील विज्ञान महाविद्यालयांतील शिक्षकांना दरवर्षी काही आठवडे पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांत काम करण्याची सोय असावी. महासंगणकाचा काही वेळ अशा महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवावा. १० किंवा १२ कणांचे गणित तर महाविद्यालयातील साध्या संगणकावरही होते आणि आकडे दुप्पट होत जाण्याचा अनुभव विद्यार्थ्याला तेथेच येतो. प्रात्यक्षिकांच्या वह्या उतरवून काढण्याची जी प्रथा पडली आहे ती मोडून मोजमापातील चूक प्रामाणिकपणे नोंदविणाऱ्यास गुण मिळावेत. लोलकाच्या साध्या प्रयोगात जो उत्तर आधी पाहून मग आकडे भरतो, त्याच्या हाती पुढे प्रतिरूपक दिले तरी तो तेच करील.

सदृश प्रतिरूपके काही प्रश्नांत संगणकाच्या पुढे गेली आहेत आणि आणखी जातील, यात शंका नाही. ती सर्वच प्रश्नांत पुढे जातील असे कोणी सांगत असेल तर तो विज्ञान सांगत नाही, माल विकत आहे. या दोहोंतील फरक ओळखण्यासाठी म्युनिकची प्रयोगशाळा लागत नाही. आकडा कोणी काढला, कसा काढला आणि ताळा कोणी पाहिला, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. चांदूर रेल्वेच्या शाळेत गणिताचा शिक्षक फळ्यावर भागाकार पुरा करून मुलांना 'आता ताळा पाहा' म्हणून सांगतो, तेव्हा तो या नव्या शास्त्राचा पहिला धडाच देत असतो. सहा हजार कोटींच्या मिशनने तो धडा गिरविला तर त्यातील प्रत्येक रुपया सत्कारणी लागेल.